रामापिथेकसचा सांगाडा कुणी पाहिलाय?

‘मानवाचा सर्वांत जुना पूर्वज कोण? रामापिथेकस.’ स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हे वाक्य वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलंय. काही पुस्तकं पुढे जाऊन सांगतात, की तो दोन पायांवर चालायचा, शिवालिकच्या टेकड्यांत त्याचा सांगाडा सापडला आणि तो दीड कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शिकवणाऱ्याला विचारावं, हा सांगाडा ठेवलाय कुठे? उत्तर येतं, “असेल कुठल्यातरी म्युझियममध्ये.”

म्युझियममध्ये सांगाडा नाही. जे आहे ते अमेरिकेतल्या न्यू हेवन इथल्या येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक 13799 आहे. तो वरच्या जबड्याच्या उजव्या बाजूचा एक तुकडा. त्यात दोन उपदाढा आणि दोन दाढा शाबूत आहेत. सुळा आणि पुढचा दात यांच्या जागी फक्त खोबणी आणि मुळाचा अवशेष. येलचा तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस याला तो 1932 मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यात, हरितल्यांगरजवळ मिळाला. 1934 मध्ये त्याने त्यावरून ‘रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस’ हे नाव दिलं. कुठल्याही लुप्त प्राण्याच्या नावाबद्दल वाद झाला, की ज्या नमुन्यावरून ते नाव पडलं तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, गाठायचा असतो. इथे तो हा तुकडा.

आता एवढ्याशा जबड्यातून दोन पायांवर चालणारा माणूस कसा उभा राहिला? लुईसला हा तुकडा माणसाच्या वळणाचा वाटला. ते त्या काळातही सगळ्यांना पटलं नव्हतं. मानवशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी 1935 मध्येच त्याला विरोध केला. पण 1961 मध्ये एल्विन सायमन्स यांनी विषय पुन्हा वर काढला आणि पुढे डेव्हिड पिलबीम यांच्यासोबत तो लावून धरला. नमुन्यात टाळूची मधली रेषाच नव्हती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांच्या ओळी एकमेकींपासून किती लांब होत्या, हे त्यावरून नक्की ठरवता येत नव्हतं. तरीही दुसरी बाजू कल्पून माणसासारखी कमान काढली गेली. खोबणीवरून सुळा लहान ठरवला. लहान सुळा म्हणजे दातांचं काम हातांनी, हात मोकळे म्हणजे दोन पायांवर चाल! त्या वेळी रामापिथेकसचं म्हणून ना पायाचं हाड हाती होतं, ना कमरेचं. अनुमान करायला हरकत नाही, पण आपल्याकडे ते अनुमान म्हणून शिकवलंच गेलं नाही.

पुढचं सगळं पुस्तकं गाळतात. 1967 मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांच्या तुलनेवरून दाखवलं, की माणूस आणि आफ्रिकी वानर यांच्या वाटा जेमतेम 50 लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. हा आकडा नंतर थोडा मागे सरकला, पण दीड कोटी वर्षांपूर्वीच्या मानवपूर्वजाला त्यात जागा उरली नाही. जीवाश्मवाल्यांना हे पचायला जड गेलं. मग पाकिस्तानातल्या पोठवार पठारावर पिलबीम यांच्याच चमूला आधी रामापिथेकसचा मध्यरेषेसह जबडा मिळाला. त्याच्या दातांच्या ओळी माणसासारख्या गोलाईत नव्हत्या, पुढच्या बाजूला निमुळत्या होत होत्या. त्यानंतर सिवापिथेकस या लुप्त वानराचा चेहरा हाती आला आणि तो सरळ ओरांगउटानकडे बोट दाखवत होता. 1982 मध्ये ‘नेचर’मध्ये पिलबीम यांनी तो प्रसिद्ध केला. ज्यांनी रामापिथेकसला माणसाच्या पंगतीत बसवलं, त्यांच्यातल्याच एकाने त्याला उठवलं. याला आता चार दशकं उलटली, आणि आपली पुस्तकं अजून 1960 च्या दशकातच आहेत.

मग रामापिथेकस होता तरी कोण? सिवापिथेकसच. लहान चणीचे, बहुधा माद्यांचे जबडे वेगळ्या नावाखाली गेले होते. दोन नावं एकाच प्राण्याची निघाली, की जुनं टिकतं. सिवापिथेकस हे नाव गाय पिलग्रिम यांनी 1910 मध्ये दिलं, रामापिथेकस 1934 चं. म्हणून धाकटं नाव गळालं. नावाच्या गोडव्याला या हिशेबात किंमत नाही. हरितल्यांगरचे थरही दीड कोटी वर्षांचे नाहीत, साधारण 90 लाख वर्षांचे आहेत.

काही जण ‘रामापिथेकस पंजाबिकस’ लिहितात आणि खाली लुईसच्या तुकड्याचं चित्र छापतात. ‘पंजाबिकस’ हे पिलग्रिम यांनी 1910 मध्ये वेगळ्याच जबड्यांना दिलेलं नाव. त्याचे मूळ नमुने वेगळे.

होलोटाइप म्हणजे त्या जातीचा सर्वांत चांगला नमुना, हाही असाच एक समज. तो नाव टांगायचा खिळा आहे. मोडका, वेडावाकडा, कसाही असू शकतो.

नाव बाद झालं की मूळ नमुनाही निकाली? मुळीच नाही. 13799 क्रमांकाचा तुकडा आजही तितकाच महत्त्वाचा आहे, फक्त आता तो सिवापिथेकसचा म्हणून अभ्यासला जातो.

आणि मूळ नमुना हरवला तर जातच रद्द होते, असंही नाही. गरज पडल्यास नियमानुसार नवा नमुना नेमता येतो.

परीक्षेला बसणाऱ्यांनी उत्तरतालिकेशी भांडू नये, गुण जातील. पण मार्गदर्शक लिहिणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ती ओळ अशी करावी: ‘रामापिथेकस: सिवापिथेकसचंच बाद झालेलं नाव, ओरांगउटानच्या कुळाशी नातं, मानवाचा पूर्वज नव्हे.’