भावना आणि प्रमाण : सक्तीच्या शिक्षणाचा एक जुना वाद

वादसभेंत एखादा वक्ता गहिंवरून बोलूं लागला कीं, श्रोते टाळ्या वाजवितात आणि प्रमाण मागावयाचें विसरतात. शिक्षणाच्या प्रश्नांत असें विशेष घडतें, कारण तेथें प्रत्येकाचें मूल गुंतलेलें असतें. अशा भाषणाची पारख कशी करावी, हें एका जुन्या वादावरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. त्यावरील आक्षेपांत एक फार हृदयस्पर्शी होता : गरीब शेतकऱ्याचें पोर सक्तीनें शाळेंत बसविलें, तर त्याच्या कामास हात कोठून आणावे? ज्यांनीं आमच्या सावनेरच्या बाजूस कापसाची वेचणी पाहिली आहे, त्यांस या बोलण्यांतील कळकळ खोटी म्हणवणार नाहीं.

परंतु कळकळ खरी असली म्हणून अनुमान खरें ठरत नाहीं; आणि वक्ता कळकळीनें बोलला एवढ्यावरून तें खोटेंहि ठरत नाहीं. (ही दुसरी गोष्ट आमचे हुशार विद्यार्थीच अधिक विसरतात.) भाषणांतील विधानें वेगळीं काढून बिलाच्या कलमांशीं ताडून पाहावीं. सक्ती प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती होती. तीहि जेथें म्युनिसिपालिटी किंवा लोकलबोर्ड मागेल व सरकार मान्य करील, तेथेंच. ज्या पालकाची प्राप्ति दरमहा दहा रुपयांहून अधिक नाहीं, त्यास फी माफ. तेव्हां सर्व शेतकऱ्यांवर सरसकट जुलूम होणार, हें विधान टिकत नाहीं. मात्र नऊ वर्षांच्या गुराख्याची मजुरी बुडणार, हें उरतेंच. फीमाफीनें ती भरून येत नाहीं.

आतां गोखल्यांची बाजू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीचें मोफत शिक्षण सुरू करून १९०६ सालीं तें सर्व संस्थानांत नेलें होतें. सक्ती या देशांत चालूं शकते, यास हा चांगला पुरावा. पण एका संस्थानिकास जें साधलें तें प्रत्येक लोकलबोर्डास साधेल काय, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

मार्च १९१२ मध्यें बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. मतांची संख्या हेंहि प्रमाण नसतें. आमच्या मध्यप्रांतांतच १९२० सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. आणि २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींस तो हक्कच मिळाला.

आज वाद निराळा आहे. २०२३ सालीं महाराष्ट्रांत विसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याची कल्पना पुढें आली. एक म्हणतो, शाळा म्हणजे गांवचा प्राण. दुसरा म्हणतो, पांच मुलांकरितां दोन शिक्षक ही पैशाची नासाडी. दोन्ही वाक्यें टाळ्या घेणारीं आहेत. पहिलीपासून पांचवीपर्यंतच्या मुलांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावी, असा नियम आहे. म्हणून पहिल्यास विचारावें कीं, नवी शाळा किती लांब, वाटेंत नाला आहे काय, आणि पांच सोबत्यांत शिकण्यापेक्षां पन्नासांत मूल अधिक शिकेल कीं नाहीं? दुसऱ्यास विचारावें कीं, गाडीचें भाडें कोण देणार, आणि वांचलेला पैसा त्याच मुलांवर खर्च होणार काय?