नकाशातलं पुणे आणि पायाखालचं पुणे

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. रविवारची सकाळ, मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. तेवढ्यात हे वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. “बघ, स्वारगेट ते कात्रज मेट्रो मंजूर! तीही जमिनीखालून. आता तुझी मंडईची कटकट संपली.”

साडेपाच किलोमीटर लांबी, जवळजवळ तीन हजार कोटी रुपये खर्च आणि मूळ मंजुरीत तीन स्थानकं. मी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “धनकवडीतल्या आपल्या घरापासून त्या स्थानकापर्यंत आईंना कसं न्यायचं?” हे पुन्हा पेपरात शिरले. नकाशात त्याचं उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, मला नव्याचं वावडं आहे असं समजू नका. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा मीच आधी बाजूला ठेवला. पण सातारा रस्त्याच्या आसपास संसार केलेल्या बाईला योजनेचं नाव काढलं की जरा धडकीच भरते.

आधीचा अनुभव

डिसेंबर २००६ मध्ये याच रस्त्यावर बीआरटी आली. बससाठी स्वतंत्र मार्गिका असलेला असा प्रयोग देशात पहिल्यांदा आपल्या पुण्यात झाला, याचं केवढं कौतुक! दक्षिण अमेरिकेतल्या बोगोटा शहराचे दाखले दिले जात होते. कल्पना चांगलीच होती. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं, मग तिला आधी वाट द्यायला नको का?

पण थांबे आले रस्त्याच्या मधोमध. माझ्या सासूबाई तेव्हा साठीच्या आतबाहेर होत्या. दर गुरुवारी एकट्या बसने मंडईत जायच्या, ताजी मेथी आणि देवाला फुलं आणायच्या, येताना बहिणीकडे डोकावायच्या. नवा थांबा झाल्यावर एकदा अर्ध्या रस्त्यात अडकल्या. दोन्ही बाजूंनी गाड्या, हातात पिशवी. घरी आल्या त्या घामाघूम होऊन. बोलल्या काहीच नाहीत, पण पुढच्या गुरुवारी म्हणाल्या, “सूनबाई, तूच आण गं भाजी.”

त्यानंतर त्या एकट्या कधी मंडईत गेल्या नाहीत. एका म्हाताऱ्या बाईचं बाहेर जाणं बंद झालं, हे कुठल्या अहवालात येत नाही.

मोठी बांधकामं तरी पक्की म्हणावीत, तर विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल आठवा. ते उभे राहून पंधरा-एक वर्षं होतात न होतात तोच २०२० मध्ये पाडून टाकले, कारण तिथे मेट्रो आणि नवा पूल व्हायचा होता. आपण साधी मांडणी करून घेताना सुताराला दहा प्रश्न विचारतो. पुलाच्या बाबतीत कुणी विचारले होते का?

बाईचा प्रवास सरळ नसतो

मेट्रोवर उगाच राग धरायचा नाही म्हणून मी ती करूनही पाहिली. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. सासूबाईंना घेऊन स्वारगेटहून मंडईपर्यंत गेले. गाडी स्वच्छ, गार, लिफ्टची सोय. आई तर लहान मुलीसारख्या हरखल्या. तिकीट माणशी दहा रुपये. पण घरापासून स्वारगेटला पोचायला रिक्षाला ऐंशीच्या वर मोजले, आणि परतताना पुन्हा तेवढेच. म्हणजे फोडणीपेक्षा फोडणीच्या तेलालाच जास्त खर्च!

खरं दुखणं इथेच आहे. घरातून निघायचं, कचेरीत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशा माणसाला या योजना सोयीच्या. आपला प्रवास असा असतो का? धाकट्याला शाळेत सोडायचं, तिथून बँक, मग सासूबाईंचं औषध, येताना दळण आणि भाजी. चार छोटे टप्पे, हातात पिशवी आणि बरोबर एखादं मूल किंवा म्हातारं माणूस. दर टप्प्याला नवं तिकीट काढायचं आणि नव्या बसची वाट बघायची. म्हणूनच पुण्यातल्या बायका तोंडाला स्कार्फ बांधून दुचाकीवर बसल्या. हौस थोडी, नाइलाज फार. आणि ज्यांना दुचाकी येत नाही, त्या घरात बसल्या.

बायकांचा विचार कधी झालाच नाही असं नाही. २०१८ च्या महिलादिनी ‘तेजस्विनी’ बस सुरू झाल्या. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला निम्मं तिकीट आहे. पण थांब्यापर्यंत धड चालता आलं तर सवलतीचा उपयोग! डिसेंबर २०२१ मध्ये पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद केला होता. मोकळ्या रस्त्यावर बायका-मुलं काय खुशीत फिरली! चालणाऱ्यांना एक दिवस, आणि बाकीचे दिवस कुणाचे?

मग करायचं काय?

नुसती कुरकुर करून भागणार नाही. शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा कायद्याने नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ती जाहिरात आपल्या घरात पुरुषमंडळी वाचतात, आपण रद्दीत घालतो. यापुढे ती आपण वाचू या. भिशीला, हळदीकुंकवाला जमतोच, तेव्हा चौघींनी मिळून एक अर्ज लिहावा. भाषा साधी चालेल. मागणीही साधीच आहे: घरापासून थांब्यापर्यंत सलग फूटपाथ, थांब्यावर सावली आणि बाक, म्हातारं माणूस ओलांडू शकेल इतका वेळ सिग्नल, आणि गल्लीपासून स्थानकापर्यंत छोटी बस.

अर्जाआधी एक काम करा. सासूबाईंना किंवा आईला हाताला धरून जवळच्या थांब्यापर्यंत चालत न्या. वाटेत कुठे थांबावं लागलं, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, ते कागदावर टिपा. मी तसं केलं. सात ठिकाणं निघाली.

तो कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “अर्ज मी नीट अक्षरात लिहून देतो.” आतून सासूबाईंचा आवाज आला, “सही मात्र माझी पहिली!”