बदली बापाची, शाळा लेकराची

फौजेत बदलीचे कुणाला नवल वाटत नाही. दोन-तीन वर्षे जवान ‘पीस’ला, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर असतो. तिथे क्वार्टर मिळाले की बायकामुले सोबत राहतात. मग पलटण ‘फील्ड’ला, म्हणजे सीमेकडे जाते. तिथे कुटुंब नेता येत नाही. ट्रंका बांधल्या जातात, मुलांचे दाखले काढले जातात आणि कुटुंब गावी तरी परतते किंवा छावणीतच वेगळ्या क्वार्टरमध्ये राहते. सातारा जिल्ह्यातले एक गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. अशा गावांतल्या घरांना हे सारे अंगवळणी पडलेले असते.

बहुतेक मुले ही बदली पचवतात. चार दिवस रडतात, मग नव्या मैदानात नवे मित्र मिळतात. पण घरातले एखादे मूल स्वमग्न असेल, त्याला सेरेब्रल पाल्सी असेल, ऐकू येत नसेल किंवा त्याची बौद्धिक वाढ मंद असेल, तर? आज मी त्या घरांविषयी बोलणार आहे. सैनिकाच्या शौर्याचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. त्याच्या माघारी त्या लेकराला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या आईकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

एका कवितावाचनानंतर एका हवालदाराच्या पत्नी भेटल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. त्या म्हणाल्या, “दादा, याला दोन शब्द यायला लागले की आमची बदली येते. पुण्यात ‘पाणी’ म्हणायला शिकला. पुढच्या गावी बाई सगळं हिंदीत शिकवायच्या, ‘पानी’ म्हणायच्या. आपल्याला ते एकच वाटतं. त्याला नाही वाटत. तो पुन्हा गप्पच झाला.” घरात दखनी आणि अंगणात मराठी बोलत मी वाढलो. ‘ण’ आणि ‘न’ यांच्यामध्ये माझे सारे आयुष्य गेले. पण त्या दोन अक्षरांमध्ये एखादे मूल अडकून पडू शकते, हे त्या ताईंनी मला सांगितले.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. स्वमग्न मुलाला रोजच्या क्रमाचा आधार असतो. तीच वाट, तीच वेळ, त्याच बाई. वाचोपचार किंवा फिजिओथेरपी हे औषधाच्या गोळीसारखे नसते. त्यात खंड पडला की कमावलेलेही हातचे जाऊ शकते. त्यात वडिलांची रजा मोजकी. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, तीही पलटणीच्या कामाप्रमाणे मिळायची. उरलेले दिवस आई एकटी असते.

मग मदत काहीच नाही का? आहे. सैनिकांच्या पत्नींच्या कल्याणकारी संघटना अशा मुलांसाठी शाळा चालवतात. भूदलाच्या शाळांचे नाव ‘आशा’, नौदलाच्या शाळांचे ‘संकल्प’ आणि हवाई दलाच्या शाळांचे ‘उम्मीद’. पुण्यातही ‘आशा’ आहे. दोन शब्द संस्कृतातले आणि एक फारसीतला, पण तिन्हींचे मागणे एकच. शिवाय मुलाच्या उपचारांसाठी सोयीच्या ठाण्यावर बदली मिळावी, असा अर्ज जवानाला करता येतो. असा अर्ज करण्यात कमीपणा मानू नये. मोठे इस्पितळ आणि विशेष शाळा असलेल्या ठाण्यावर काढलेली तीन वर्षे मुलाचे पुढचे आयुष्य बदलू शकतात.

कुटुंब गावी राहिले, तरी हक्क संपत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. स्वमग्नतेचाही त्यात समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात, ते देशभर चालते. फिरत्या कुटुंबाला त्याचा फार उपयोग होतो.

आता कागदांविषयी. कवीने कागदपत्रांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण एका कागदावाचून एखाद्याचे उभे आयुष्य अडते, म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट, मुलाच्या दिव्यांगत्वाची नोंद वडील नोकरीत असतानाच पलटणीच्या कार्यालयामार्फत सेवेच्या कागदांत करून घ्यावी. पुष्कळ घरे ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने हे लपवतात. पुढे याच नोंदीचा आधार लागतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, मुलग्यांना वयाच्या पंचविशीपर्यंतच उपचार मिळतात. कायम दिव्यांग मुलाला मात्र ही वयाची अट नाही.

दुसरी गोष्ट, वयाची 18 वर्षे. त्या दिवशी मूल कायद्याने सज्ञान होते आणि आईबाप त्याचे आपोआप पालक उरत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो.

तिसरी गोष्ट प्रत्येक आईच्या उशाशी असते. आमच्यामागे याचे कसे होणार? सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन पत्नीला मिळते. तिच्यानंतर, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते तहहयात मिळू शकते. पूर्वी त्याच्या उत्पन्नाची मर्यादा दरमहा 9 हजार रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढी होती. ती 2021 साली सैल झाली. आता त्याचे इतर उत्पन्न, त्याला मिळू शकणाऱ्या साधारण दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा आणि त्यावरील महागाई भत्त्यापेक्षा कमी असले, म्हणजे पुरते. आईवडिलांच्या हयातीतच पेन्शनच्या आदेशात त्या मुलाचे नाव घालून घेता येते. हे काम उद्यावर टाकू नये. ज्याला स्वतःचे नाव नीट सांगता येत नाही, तो आईवडिलांच्या माघारी कचेऱ्यांच्या पायऱ्या कशा चढणार? अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे विचारावे.

योजना आहेत. तरी त्यांच्यामध्ये अजून एक फट आहे. बदलीबरोबर सामान जाते, पण मुलाविषयीची माहिती जात नाही. जुन्या शाळेने दोन वर्षे काय शिकवले, कोणते शब्द आले, कशाने मूल घाबरते, हे नव्या बाईंना ठाऊक नसते. बदलीचा हुकूम निघताच मुलाची फाईल पुढच्या शाळेच्या आणि इस्पितळाच्या हाती पडावी, अशी पक्की रीत हवी. तोवर आईने एक वही ठेवावी. अहवाल, औषधे, मुलाचे शब्द आणि ते ज्या भाषेत आले ती भाषा, सारे त्यात लिहावे.

आणि आपण गावकऱ्यांनी काय करावे? जवान सुट्टीवर आला की आपण त्याला सीमेवरच्या गोष्टी विचारतो. त्या जरूर विचाराव्यात. पण तो परत गेल्यावर एखाद्या दुपारी त्याच्या दारात जावे आणि म्हणावे, “वहिनी, तालुक्याला निघालोय. पोराला दवाखान्यात न्यायचं असेल तर चला, गाडीत जागा आहे.”