पिकअप कुठे हरवला?

जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढताना ॲक्सिलरेटर दाबावाच लागतो, आणि गाडीचं दुखणं तिथेच बाहेर पडतं: गचके, मिसिंग, पिकअप गायब. स्कॅनर ‘पी ०१७१’ दाखवतो. म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. (१ किलो निव्वळ पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल असेल तर त्याहून कमी.) लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, तो बिचारा बहुतेकदा फक्त चहाडी करतो.

आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय तो आकडा. आयडलिंगला आकडा चढलेला आणि रेस दिल्यावर उतरत असेल, तर इनटेकच्या चिरलेल्या पाइपातून किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. लोड आल्यावर चढत गेला, तर पेट्रोल पुरत नाही: थकलेला पंप, तुंबलेला फिल्टर किंवा इंजेक्टर. पंपाचा दाब गेज लावून लोडखाली मोजावा. उभ्या गाडीत तो अगदी साळसूद दिसतो.

दाब नीट निघाला तर मास एअरफ्लो सेन्सर. त्याच्या तारेवर धूळ बसली की तो हवा कमी सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल हात आखडून सोडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा सेन्सर नसतोच, तिथे इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर तपासावा.