कार्ड भरलंय, व्हिडिओ कॉम्प्रेस करू का?

पावसाळ्यात कॅमकॉर्डर घेऊन चार दिवस कास पठारावर किंवा कोकणात गेलात, की दुसऱ्या रात्री लॉजवर हा प्रश्न हमखास येतो. कार्ड भरलेलं असतं, लॅपटॉपची डिस्कही भरत आलेली असते. मग बरोबरचं कोणीतरी सुचवतं, 'कॉम्प्रेस कर आणि मूळ फाइल उडवून टाक.' माझं मत विचाराल तर, प्रवासात हे अजिबात करू नका. का, ते सांगते.

तुमच्या कार्डावरचा व्हिडिओ आधीच भरपूर कॉम्प्रेस झालेला असतो. १९२० बाय १०८० पिक्सेलचं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. रंगाची माहिती निम्म्याहून कमी ठेवली (आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक जितका बारीक कळतो तितका रंगातला कळत नाही) तरी हे सगळं तासाला सुमारे २८० जीबी होतं. एव्हीसीएचडी कॅमकॉर्डर ते २४ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने लिहितो, म्हणजे तासाला जेमतेम ११ जीबी. सव्वीसातले पंचवीस भाग कॅमेऱ्यातच गेले!

गेले कुठे? एक काम प्रत्येक फ्रेमच्या आत होतं. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक बदल आणि बारीक बदल वेगळे काढायचे, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल ढोबळ करून टाकायचे. यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव या सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेत निधी मागितला होता, तो मिळाला नव्हता. असो.

दुसरं काम फ्रेम-फ्रेममधलं. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त 'काय हललं' तेवढंच लिहायचं. कीर्तनाचं शूटिंग घ्या. बुवा हलतात, मागची भिंत जागच्या जागी. सोपं काम. आता वाऱ्यात डोलणारं गवत, पाऊस, धबधबा घ्या. इथे सगळंच हलतंय आणि प्रत्येक थेंब वेगळ्या दिशेने. बिट तेवढेच, सांगायचं मात्र कितीतरी जास्त, म्हणून चित्र चौकोनी-चौकोनी दिसायला लागतं. म्हणजे आपल्याकडचा पावसाळा हा कॉम्प्रेशनसाठी सगळ्यात अवघड विषय.

अशा फाइलला लॉजवर पुन्हा कॉम्प्रेस केलं की नव्या एन्कोडरला मूळ दृश्य दिसतच नाही. त्याला पहिल्या कॉम्प्रेशनमधून उरलेलं चित्र मिळतं. त्यातले डागसुद्धा तो खरं दृश्य समजून जपायला जातो, त्यावर बिट खर्च करतो आणि खऱ्या तपशिलाला आणखी कात्री लावतो. आम्ही फुलांवर येणारे कीटक मोजतो. गवतातली बारीक माशी चित्रात जेमतेम आठ-दहा पिक्सेलची असते. ती पुसली गेली, तर 'माशी आलीच नाही' आणि 'माशी दिसली नाही' यातला फरक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सांगता येत नाही. तुमच्या शूटिंगमध्ये माशीच्या जागी लांबून चालत येणाऱ्या आजीचा चेहरा असेल, एवढंच.

मग जागेचं काय करायचं? निघण्यापूर्वी हिशोब करा. ६४ जीबीच्या कार्डावर २४ मेगाबिटने जेमतेम सहा तास बसतात. तेवढं पुरणार नसेल तर कॅमेऱ्यातच १७ मेगाबिटचा पर्याय निवडा, तासाला पावणेआठ जीबी. नंतर दाबण्यापेक्षा हे केव्हाही बरं, कारण कॅमेऱ्यातला एन्कोडर थेट सेन्सरवरून आलेल्या चित्रावर काम करतो. जुन्या मिनीडीव्हीला तासाला १३ जीबी लागायचे, पण भरलेली टेप कपाटात गेली की तीच मूळ प्रत. कार्डाचं तसं नाही, ते आपण पुसून परत वापरतो, आणि घात तिथेच होतो.

रोज रात्री कार्डावरचं अख्खं फोल्डर कॉपी करा, नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका. लांबलचक शॉटचे कॅमेरा तुकडे करतो आणि ते जोडायची माहिती शेजारच्या फोल्डरमध्ये असते. दोन डिस्कवर दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत. दोन्हींचे चेकसम कार्डाशी जुळले, मगच कार्ड फॉरमॅट करा.

घरच्यांना पाठवायला लहान फाइल हवीच असते, ती खुशाल बनवा. फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये आणि वेगळ्या नावाने ठेवा, म्हणजे रात्री दीड वाजता पेंगत असताना चुकीची फाइल डिलीट होणार नाही.