चाकांवरच्या घरातला फ्यूज

अमेरिकेत 'आरव्ही' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोटारहोममध्ये बहुधा 12 व्होल्टची बॅटरी असते आणि मायक्रोवेव्हसारखी 120 व्होल्टची उपकरणे चालवायला इन्व्हर्टर. व्होल्टेज कमी, म्हणून प्रवाह प्रचंड. 2000 वॉटच्या इन्व्हर्टरवर पूर्ण भार आला, त्याची कार्यक्षमता 90 टक्के धरली आणि बॅटरी 11 व्होल्टपर्यंत उतरली, तर केबलमधून सुमारे 200 अँपिअर वाहतात. 12 व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, त्यामुळे ही जोडणी निरुपद्रवी वाटते. इथली खरी भीती आगीची आहे.

फ्यूज इन्व्हर्टरला वाचवतो, हा जुना गैरसमज. तो असतो केबलसाठी. सततच्या 200 अँपिअरवर पाव हिस्सा वाढवला की 250 अँपिअरचा फ्यूज येतो आणि केबल त्याहून अधिक पेलणारी लागते. 105 अंश सेल्सिअस सोसणारे आवरण असलेली 70 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल इथे पुरते. 35 चौरस मिलिमीटरची केबल 200 अँपिअर जेमतेम पेलते. तिला 250 चा फ्यूज लावणे म्हणजे केबललाच फ्यूज करणे. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अँपिअरचा आकडा सगळेच पाहतात. शॉर्ट सर्किटचा किती मोठा प्रवाह फ्यूज सुखरूप तोडू शकतो, हा दुसरा आकडा मात्र दुर्लक्षित राहतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो, की शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर धावतात. अमेरिकेतला घरगुती एसी प्रवाह सेकंदाला 120 वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला वाव मिळतो. बॅटरीच्या डीसीत ती सोय नाही. फ्यूजची पट्टी वितळली तरी मधल्या फटीत ठिणगी जळत राहू शकते. एएनएल प्रकारचा फ्यूज साधारण 6000 अँपिअर तोडतो, 'क्लास टी' प्रकारचा 20,000. लिथियमच्या मोठ्या बॅटरी-संचाला 'क्लास टी'च घ्यावा, महाग पडला तरी. फ्यूजवरचे डीसी व्होल्टेजही तपासावे: 32 व्होल्टचा फ्यूज 48 व्होल्टच्या संचाला चालत नाही.

फ्यूजची जागा बॅटरीच्या धन टोकाला जवळात जवळ, कारण टोकापासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते. समांतर जोडलेल्या प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र फ्यूज द्यावा. एकीत बिघाड झाला, की बाकीच्या तिच्यातच प्रवाह ओततात. बोल्ट ढिला असेल तर सांधा तापतो आणि भार मर्यादेत असूनही फ्यूज उडतो. लिथियम बॅटरीतील बीएमएस (बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा) शॉर्ट सर्किट ओळखून प्रवाह बंद करतो खरा, पण त्यातले मॉस्फेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, निकामी होताना अनेकदा शॉर्ट होऊनच बसतात. मग प्रवाह तोडायला फ्यूजच उरतो.