दोन दिरहमांचे दुकान

मदिनेतील एक गरजू माणूस प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे काही मागायला आला. अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात ही हकीकत आहे. प्रेषितांनी त्याला विचारले, घरात काय आहे? एक जाडेभरडे कापड होते, अर्धे अंगावर घ्यायचे आणि अर्धे अंथरायचे. शिवाय पाणी प्यायचा एक वाडगा. दोन्ही वस्तू आणायला सांगितल्या. त्या हातात घेऊन प्रेषितांनी जमलेल्यांना विचारले, या कोण विकत घेतो? एकजण म्हणाला, एक दिरहम देतो. यापेक्षा जास्त कोण देतो, असे प्रेषितांनी दोन-तीनदा विचारले. अखेर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. ते दोन्ही त्या माणसाच्या हातावर ठेवून त्यांनी सांगितले, एकाचे घरच्यांसाठी अन्न घे आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन ये. कुऱ्हाड आल्यावर तिला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. जा, लाकडे तोड, विक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते.

रमजानच्या बयानात हा प्रसंग बहुधा भीक मागू नये, कष्ट करावेत, एवढ्यासाठी सांगितला जातो. ते खरेच आहे. पण त्यात आणखी एक माणूस काम करतो आहे, त्याच्याकडे लक्ष जात नाही. चारचौघांत उभे राहून दुसऱ्याचा माल कोणी विकला? पहिल्या बोलीवर न थांबता भाव वाढवून कोणी मागितला? आणि या विक्रीत विकणाऱ्याचा वाटा किती होता? काहीच नाही. आज जगभर ज्याला ‘फेअर ट्रेड’ म्हणजे न्याय्य व्यापार म्हणतात आणि त्याची जी दुकाने स्वयंसेवक बिनपगारी चालवतात, त्यांचे सारे काम या एका लिलावात आले आहे.

या चळवळीचा आधुनिक इतिहास मात्र अमेरिकेतून सांगतात. 1946 मध्ये एडना रुथ बायलर ही मेनोनाइट ख्रिस्ती पंथाची बाई प्युर्तो रिकोला गेली होती. तिथल्या बायकांचे भरतकाम तिने पाहिले, घरी आणले आणि मोटारीच्या डिकीत घालून ओळखीपाळखीत विकू लागली. त्यातून पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. तिच्या कितीतरी दुकानांत गल्ल्यामागे निवृत्त शिक्षिका, गृहिणी, विद्यार्थी बसत आले. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमच्या दुकानांनी हाच रस्ता धरला. नेदरलँड्समधील ब्रुकेलेन गावी 1969 मध्ये पहिले ‘जागतिक दुकान’ निघाले. 1989 मध्ये या सगळ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि तिने दहा तत्त्वे ठरवली. त्यातले एक रमजानच्या पानावर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. हस्तकलेच्या मालाची ऑर्डर दिली आणि कारागिराने मागणी केली, तर निम्मी रक्कम आगाऊ द्यायची, तीही बिनव्याजी. उर्दूत याच्या जवळचा शब्द आहे ‘कर्ज-ए-हसना’, म्हणजे व्याजाची अपेक्षा न ठेवता दिलेले कर्ज.

आगाऊ रक्कम का लागते, हे गोंदियाच्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. या जिल्ह्याला घरबसल्या कामाची ओळख बिडीने करून दिली आहे. तेंदूची पाने भिजवायची, फर्मा ठेवून कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार बिड्या झाल्या की मजुरी. पान आणि तंबाखू ठेकेदाराचा, पाठ आणि बोटे बाईची. यात हिंदू-मुस्लिम असा फरक कधी नव्हता. एकाच गल्लीत सुपे मांडीवर घेऊन बसलेल्या बायका दोन्हीकडच्या असत. माल देताना पान कमी भरले किंवा घेताना ‘छाट’ म्हणून जास्त बिड्या बाजूला काढल्या, तर नुकसान बाईचे. 1966 मध्ये संसदेने बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यामागे अशाच तक्रारी होत्या. कुरआनातील एका अख्ख्या सूरहचे नावच मापात पाप करणाऱ्यांवरून पडले आहे, ‘मुतफ्फिफीन’. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असे त्यांचे वर्णन आहे. तराजूची तक्रार जुनी आहे.

कच्चा माल स्वतःचा नाही, म्हणून भाव ठरवण्याचा हक्क नाही. न्याय्य व्यापार नेमका या जागी हात घालतो. बाईला निम्मे पैसे आधी मिळाले तर कापड, दोरा, बांबू तिचा होतो. मग किंमत काय, हे विचारायला ती समोर बसू शकते.

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत कमिला तय्यबजी यांचे नाव घ्यायला हवे. 1887 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे हे घराणे. 1918 मध्ये जन्मलेल्या कमिलाबाई ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात शिकल्या, लंडनमध्ये वकिली केली, प्रिव्ही कौन्सिलपुढे उभ्या राहिल्या. मुस्लिम कायद्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. एवढे झाल्यावर माणूस मुंबईत येऊन काय करेल? त्यांनी साडीच्या आतले परकर शिवून घेतले. 1968 मध्ये त्यांनी ‘विमेन्स इंडिया ट्रस्ट’ स्थापन केला. शिक्षण नाही, बाहेर जाऊन काम करण्याची मुभा नाही, घरात मात्र गरज आहे, अशा बायकांना देता येण्यासारखे काम कोणते? परकराला फॅशन लागत नाही, तो रोज लागतो, आणि सरळ शिवण येणारी कोणीही तो शिवू शकते. यातली व्यवहारदृष्टी पाहण्यासारखी आहे. लोकांना काय घ्यायला आवडेल यापेक्षा या हातांना आज काय येते, इथून त्यांनी सुरुवात केली. पुढे छापील कापड, पिशव्या, खेळणी आली, दुकान आले, पनवेलला प्रशिक्षण केंद्र उभे राहिले; तिथे शिवण-छपाईबरोबर मुलींना परिचारिकेचे आणि बालवाडी शिक्षिकेचे शिक्षणही मिळू लागले. 2004 मध्ये कमिलाबाई वारल्या. याच घराण्यातल्या लैला तय्यबजी यांनी 1981 मध्ये आणखी पाच जणींबरोबर दिल्लीत ‘दस्तकार’ सुरू केली आणि कारागिरांना थेट ग्राहकासमोर बसवले.

मुंबईतच अंधेरीच्या झोपडपट्टीत इसाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी बाईंनी 1984 मध्ये ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ उभी केली. तिथे बायका सहकारी गटांच्या सभासद झाल्या आणि त्यांचा माल परदेशातील अशाच स्वयंसेवी दुकानांत जाऊ लागला. त्याआधी 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ती ‘लिज्जत’. देणगी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, एक गुजराती हिंदू वस्तीतून आलेली. तिघींच्या वाटा वेगळ्या, पण बाईला मदत घेणारी न म्हणता काम करणारी म्हणायचे, यावर तिन्ही ठिकाणी एकमत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अशा दुकानातून ईदची भेटवस्तू घेतली म्हणजे जकात दिली, असे होत नाही. जकात हे फर्ज आहे; वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, आणि ती ज्याला द्यायची त्याच्याकडून बदल्यात काही घ्यायचे नसते. फितरा ईदच्या नमाजआधी द्यायचा, तोही वेगळा. दुकानातली खरेदी ही खरेदी आहे. उलट ती दान समजून केली की दोन गोष्टी बिघडतात. घेणारा शिवण तपासत नाही, आणि करणारीला आपली शिवण उसवते हे कधी कळत नाही. पहिल्या वर्षी कौतुकाने घेतलेली पिशवी दुसऱ्या वर्षी कोणी घेत नाही. अनेक चांगल्या हेतूची दुकाने याच कारणाने बंद पडली असावीत.

गोंदियात बचत गटांची प्रदर्शने भरतात. मंडप पडतो, उद्घाटन होते, तीन-चार दिवस विक्री होते, मग उरलेला माल पोत्यात भरून बाया घरी नेतात. उरलेली 360 दिवसे तो माल विकायचा कोणी? बाईने स्वतः दुकानात बसायचे तर वस्तू कधी करायची? पगारी माणूस ठेवावा तर छोट्या दुकानाची सगळी कमाई त्याच्यातच जाते. समजा, पिशवी 200 रुपयांना विकली. कापड-दोरा 70, शिवणारीला 80, उरले 50. त्यात भाडे, वीज, न खपलेला माल आणि पुढच्या ऑर्डरची आगाऊ रक्कम. विक्रेत्याचा पगार यातून निघत नाही. काढायचाच झाला तर तो त्या 80 मधून निघतो. स्वयंसेवकाचे महत्त्व एवढेच आहे आणि एवढे मोठे आहे. तो बाईला काही देत नाही. तिचे आहे ते मध्येच कापले जाऊ देत नाही.

विकायला वस्तूंची वाण नाही. बुरुडांचे बांबूकाम आहे. ढिवरांनी ऐनाच्या झाडांवर सांभाळलेल्या अळ्यांचा कोसा आहे. लाख आहे, मोहफुले आहेत, गावोगावचा सुवासिक तांदूळ आहे. जिच्या बोटांना हजार बिड्या सारख्या मापाच्या वळायची सवय आहे, तिला बारीक भरतकाम किंवा मण्यांचे काम शिकायला वेळ लागणार नाही.

अवघड आहे ते दुकान रोज वेळेवर उघडणे. पहिल्या महिन्यात स्वयंसेवक हवे त्यापेक्षा जास्त येतात. मग परीक्षा येतात, लग्नसराई येते, धानाची रोवणी येते. ‘फुकट तर करतोय’ हे वाक्य एकदा मनात आले की उशीर, मग दांडी, मग कुलूप. जगभरची स्वयंसेवी दुकाने टिकली ती रजिस्टरवर: कोणाची पाळी केव्हा, न येणार असल्यास बदली कोण, गल्ला कोणी मोजला, सही कोणाची. बिनपगारी माणसाला हिशेब विचारायचा संकोच वाटतो आणि तिथेच घात होतो. खिदमत म्हटले की हिशेबातून सुटका, असे मशिदीच्या कमिटीतही नसते आणि गणेश मंडळातही नसावे.

मिश्र वस्तीच्या गावाला मात्र इथे एक सोय आहे. रमजानमध्ये असर ते मगरिबची वेळ, म्हणजे बाजार भरात येण्याची वेळ, रोजेदारासाठी सर्वांत कठीण. त्या दोन तासांची पाळी शेजारच्या काकूंनी घेतली, तर दिवाळीच्या चार दिवसांत, अगदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही, दुकान उघडे ठेवायला सलमाआपा मोकळ्या असतात. ज्या दिवसांत भेटवस्तू सर्वांत जास्त खपतात त्याच दिवसांत दुसऱ्या गावांची अशी दुकाने माणसांअभावी अडतात.

चाँदरातीला गोरेलाल चौकाच्या बाजूला पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, शेवया, अत्तर, मुलांचे कपडे. ईदीच्या नव्या नोटा आधीच खिशात असतात. त्या गर्दीत एखादी बिडी वळणारी बाई मुलीसाठी फ्रॉक बघत असते. भाव विचारते, शिवण उलटून पाहते, आणि मनातल्या मनात मोजते की हा शिवायला कितीसा वेळ लागला असेल.